नातवाचा एक तृतीयांश

मुलगा बापाच्या हयातीत गेला आणि दुसरा मुलगा जिवंत असेल, तर गेलेल्याच्या पोरांना आजोबांच्या मालमत्तेत वारस म्हणून वाटा नाही. ‘शरियतच आहे’ म्हणत आपण विषय मिटवतो. चाळिसावा झाला की काका घर वाटून घेतात आणि विधवा भावजय यतीम पोरांना घेऊन माहेरची वाट धरते.

मी विचारतो, हीच शरियत वसीयतीबद्दल काय सांगते? दफनाचा खर्च आणि कर्ज फेडून उरलेल्यातला एक तृतीयांश वारस नसलेल्या कुणालाही देता येतो. इतर वारसांची संमती लागत नाही. इथे नातू वारस नाही, म्हणूनच त्याच्या नावे वसीयत करता येते! इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी ती सक्तीची केली. पाकिस्तानात १९६१ पासून कायद्यानेच त्यांना बापाचा वाटा मिळतो. आपल्याकडे अशी सक्ती नाही, म्हणजे सगळी भिस्त आजोबांवर.

आणि आजोबा म्हणतात, ‘आत्ताच कशाला मौतीच्या गोष्टी?’ देण्यासारखं काही असेल त्याने वसीयत लिहिल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, अशी हदीस आहे. आपण वीस वर्षं काढतो. तोंडी वसीयतही चालते, पण तोंडी शब्द काकांना आठवत नाहीत. साधा कागद, सही, दोन साक्षीदार. स्टँप ड्युटीसुद्धा नाही.

शरियत बचावच्या मोर्चात जरूर जा. आधी घरी बसून हा कागद लिहा.