विश्लेषण : आजोबांचा वस्तरा भंगारात जाणार की पुन्हा धारेवर येणार?

जळगाव-धुळ्याकडची जुनी घरे पाडून तिथे फ्लॅट उभे राहतात, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकाही उघडल्या जातात. त्यात कधी कधी एक गंजलेला, घडीचा वस्तरा निघतो. पात्यावर ‘शेफिल्ड’ किंवा ‘झोलिंगन’ असे पुसट अक्षर असते आणि मूठ तडकलेली असते. बहुतेकदा तो पितळी तांब्यासोबत किलोच्या भावाने जातो. जगभरात मात्र अशा वस्तऱ्यांची डागडुजी करून, नवी मूठ बसवून ते वापरणाऱ्यांचा वेगळा बाजार आहे. खानदेशात ते काम होऊ शकते का, आणि कायद्याची अडचण कुठे येते?

वस्तरा गेला कशामुळे?

पहिला धक्का सेफ्टी रेझरने दिला. जिलेटला त्याचे अमेरिकी पेटंट 1904 मध्ये मिळाले आणि दाढी घरच्या घरी होऊ लागली. तरी न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, चामोटी आणि धारेचा दगड टिकून होते. खरी अखेर एचआयव्हीच्या भीतीने केली. एकच पाते अनेकांच्या गालावरून फिरणे धोक्याचे, हे लोकांना कळले आणि सलूनमध्ये अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. गिऱ्हाईक उठले की ब्लेड फेकायचे. हा बदल योग्यच होता. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. करोनाकाळात जून 2020 च्या अखेरीस राज्यातील सलून उघडली, तेव्हाही केस कापायला मुभा मिळाली, दाढीला नाही.

ब्लेड बदलता येऊ लागल्यावर धार लावण्याची गरज संपली. त्याबरोबर दगडावर पाते कसे फिरवायचे, हे हाताला ठाऊक असणारी पिढीही कमी होत गेली. आता धुळ्यात एकवीरादेवीला जावळ काढताना किंवा दशक्रियेला पांझरा, गिरणा, तापीच्या काठावर मुंडण करतानाही ब्लेडचाच वस्तरा हवा, आणि नवे ब्लेड डोळ्यांसमोर लावायला सांगण्यात संकोच नको.

मग जुन्याला मागणी का?

काही जण रोजच्या प्लास्टिक कचऱ्याला कंटाळले आहेत, काहींना जुन्या पोलादाचे वेड आहे. 2012 च्या ‘स्कायफॉल’ या बाँडपटातील दाढीच्या प्रसंगानंतर ब्रिटनमध्ये वस्तऱ्यांची विक्री वाढल्याच्या बातम्या आल्या होत्या. हे गिऱ्हाईक स्वतःची दाढी स्वतः करणारे असते, हे मात्र लक्षात ठेवावे. दुरुस्त केलेला वस्तरा सलूनमध्ये एकामागून एक गिऱ्हाइकांवर वापरता येणार नाही. दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायला गेले तर लाकडी किंवा शिंगाची मूठ फाटते आणि साधे कार्बन पोलाद गंजते. एक वस्तरा, एक माणूस, हाच नियम.

डागडुजीत नेमके काय करतात?

आधी पाते नीट पाहायचे. पृष्ठभागावरचा तांबूस गंज निघतो. धारेलगत खोल खड्डे किंवा केसासारखी चीर असेल, तर ते पाते भिंतीवर शोभेलाच ठेवावे. नंतर जुन्या मुठीच्या पितळी खिळ्यांची डोकी कानशीने घासून खिळे बाहेर काढतात. चारशेपासून दोन हजारपर्यंतचा पॉलिश पेपर तेल लावून हातानेच फिरवायचा. इथेच बहुतेक वस्तरे मरतात, कारण घाई झालेला माणूस पाते मोटारीच्या चाकावर धरतो. धारेकडचे पोलाद कागदासारखे पातळ असते. ते क्षणात तापते आणि साधारण दोनशे अंशांपुढे गेले की पाणी उतरते. ती धार पुन्हा टिकत नाही. आरशासारखी चकाकी आणण्याचा मोहही टाळावा. त्यात पात्यावरची मूळ नक्षी जाते आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही.

धार लावताना पाते दगडावर पूर्ण आडवे ठेवायचे, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. धारेचा कोन वस्तऱ्याची जाड पाठच ठरवते. तो साधारण 16-17 अंशांचा असतो. आधी हजार, मग चार हजार, मग आठ हजारांचा दगड आणि शेवटी चामोटी. दगडावर धार पुढे ठेवून जायचे, चामोटीवर पाठ पुढे ठेवून. उलटे केले तर चामडे चिरते.

मूठ कशाची करायची?

हा भाग खानदेशाला जमण्यासारखा आहे. मूठ म्हणजे अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या. एका टोकाला पाते फिरण्यासाठी पितळी खिळा, दुसऱ्या टोकाला पट्ट्यांमध्ये छोटी पाचर. खिळा साधारण दीड मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचे डोके हलक्या हातोडीने, वाशरवर, थोडे थोडे ठोकत पसरवायचे. एक ठोका जास्त बसला की पट्टी तडकते. असे नाजूक ठोके जळगावच्या सराफ बाजारातील कारागिराला नवे नाहीत.

लाकडांत सातपुड्याकडचा अंजन उत्तम. तो इतका जड की पाण्यात बुडतो, आणि पातळ पट्टीतही दम धरतो. मोडक्या बैलगाडीची बाभूळही चालते. जंगलातून नवे लाकूड आणण्याच्या भानगडीत पडू नये. शेतीच्या जुन्या अवजारांत वर्षानुवर्षे सुकलेले लाकूड मिळते आणि सुकलेलेच हवे. म्हशीचे शिंगही चांगले, पण कीड लागते, म्हणून तेलाचा हात फिरवावा.

कायदा कुठे आडवा येतो?

जुन्या वस्तऱ्याची पांढरी मूठ हस्तिदंती असेल, तर सावध राहावे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. हत्ती अनुसूची एकमध्ये आहे आणि त्यासंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. ‘आजोबांची वस्तू आहे’ म्हणून ती ऑनलाइन विकायला टाकता येत नाही. तीच गोष्ट सांबरशिंगाची. आपल्याकडे घराघरांत ते उगाळून लावण्यासाठी ठेवलेले असते, त्यामुळे यात गुन्हा आहे हे कुणाला पटत नाही. पण गळून पडलेल्या शिंगाचीही खरेदी-विक्री चालत नाही.

दिलासा एवढाच, की बहुतेक पांढऱ्या मुठी हस्तिदंती नसून सेल्युलॉइडच्या असतात. अंगठ्याने जोरात घासल्यावर कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. त्याला सुई तापवून लावून पाहू नये, ते झटकन पेट घेते. जुने झाल्यावर त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते आणि पाते बंद घडीतच गंजते. अशी मूठ काढून टाकलेलीच बरी.

सरकारी योजनेत जागा आहे का?

अर्धवट. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत नाभिक, लोहार, सुतार, सोनार आणि अवजारे बनवणारेही आहेत. प्रशिक्षणकाळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने आधी एक, नंतर दोन लाखांचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. या यादीत धार लावणारा मात्र स्वतंत्र व्यवसाय म्हणून नाही. सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्या घासत गल्लोगल्ली फिरणाऱ्या शिकलगाराला त्यामुळे लोहार किंवा अवजारे बनवणारा म्हणूनच दार ठोठवावे लागते. वस्तऱ्याचे काम तर चार जणांत वाटलेले आहे: पाते शिकलगाराचे, पट्ट्या सुताराच्या, खिळे सोनाराचे आणि धार बरोबर बसली की नाही हे सांगणारा जुना नाभिक. यातला चौथा माणूस वयाने सर्वांत मोठा आहे. घरात वस्तरा सापडला असेल, तर भंगारवाल्याआधी तो त्याला दाखवावा.