वेदना दाबून ठेवू नका

‘आजार पसरलाय,’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरात दोन बाजू पडतात. एक म्हणते, ‘दागिने मोडा, पण ऑपरेशन करून टाका.’ दुसरी म्हणते, ‘आता काही उपयोग नाही, घरी घेऊन चला.’ या वादात एक साधा प्रश्न मागे पडतो. आजारी माणसाला आज रात्री झोप लागेल का? या महिन्यात आपण पसरलेल्या कर्करोगात ऑपरेशनचा उपयोग कुठे होतो आणि वेदनेवर काय इलाज आहे, ते पाहू.

कर्करोगाच्या पेशी मूळ जागा सोडून रक्तावाटे दुसऱ्या अवयवात जाऊन वाढू लागल्या की आजार पसरला असे म्हणतात. स्तनाचा, प्रोस्टेटचा आणि फुफ्फुसाचा कर्करोग बरेचदा हाडांत जातो. मोठ्या आतड्याचा यकृतात जातो. अनेक ठिकाणी पसरलेला आजार एक गाठ कापून संपत नाही. म्हणून मुख्य भर सहसा संपूर्ण शरीरावर काम करणाऱ्या औषधांवर असतो.

तरीही ऑपरेशनला जागा आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग फक्त यकृतात गेला असेल आणि गाठी काढता येण्याजोग्या असतील, तर केमोथेरपीच्या जोडीने त्या काढतात. असे काही रुग्ण पुढे अनेक वर्षे जगतात. मांडीचे हाड पोखरले गेले असेल, तर ते मोडण्याआधीच आत सळई घालतात, म्हणजे माणूस उठून बसू शकतो. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबू लागली, तर ऑपरेशन पाय वाचवू शकते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा निवडक रुग्णांपैकी ऑपरेशन आणि नंतर रेडिएशन मिळालेल्यांतले ८४ टक्के चालू शकले. फक्त रेडिएशन मिळालेल्यांतले ५७ टक्के. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाची पाठ दुखू लागली आणि पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

ऑपरेशनला होकार देण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारा. हे आजार बरा करण्यासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी? त्यातून उठायला किती दिवस लागतील? केले नाही तर काय होईल? खर्च महात्मा जोतिराव फुले योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दागिने नंतर पाहू.

आता वेदनेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली : आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग सौम्य आणि गरज पडल्यास मॉर्फिनसारखी तीव्र औषधे. गोळी दुखू लागल्यावर नाही, घड्याळ पाहून द्यायची. मॉर्फिनची साधी गोळी सहसा दर चार तासांनी असते. हाडाच्या दुखण्यावर रेडिएशनची एकच बैठकही बऱ्याच रुग्णांना आराम देते. नस दुखत असेल, तर त्याची औषधे वेगळी.

मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. सुरुवातीला सुस्ती येते, ती बहुधा काही दिवसांत कमी होते. पण रुग्ण उठवूनही नीट उठत नसेल किंवा श्वास मंदावला असेल, तर लगेच डॉक्टरांना कळवा. डोस स्वतःहून वाढवू नका, एकदम बंदही करू नका. गोळ्या कुलपात ठेवा.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते. मॉर्फिन अफूपासून बनते, म्हणून अब्बा ‘नशेची चीज’ म्हणत गोळी परत करतात. अम्मी सब्र म्हणून कण्हणेही दाबून ठेवते. सब्र म्हणजे इलाज नाकारणे नव्हे. नशेसाठी घेणे वेगळे आणि असह्य दुखण्यावर डॉक्टरांनी मोजून दिलेले औषध घेणे वेगळे. आजाऱ्याला रमजानच्या रोजात सवलत कुरआननेच दिली आहे आणि नमाज बसून किंवा पडूनही अदा होते. मनात शंका राहिली, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन इमामसाहेबांना विचारा. पण तोवर माणसाला तळमळत ठेवू नका.

१९८५ च्या कडक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी वाट सोपी केली. तरी ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना व त्रास कमी करणारा विभाग कुठे आहे ते विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तो आहे. बांद्र्यात शांती अवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांची सेवा करते. हा विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतो. केमोथेरपी चालू असतानाही तिथे जाता येते.

आजच एक वही करा. कुठे दुखते, किती वाजता, शून्य ते दहात किती आणि गोळीनंतर किती उतरले, हे रोज लिहा. अम्मी डॉक्टरांसमोर ‘बरी आहे’ म्हणाली, तर ती वही पुढे ठेवा.