चिपमधल्या मोकळ्या जागेत 'नांग्या' का भरतात? जालन्याचा याच्याशी काय संबंध?

2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प महाराष्ट्राऐवजी गुजरातला गेला आणि राज्यात आरोप-प्रत्यारोप झाले. पुढे फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने धोलेऱ्यातल्या टाटा-पीएसएमसीच्या 91 हजार कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. मग स्टील आणि बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्याला यात काय संधी?

चिप डिझाइन करायला शेजारी कारखाना असावा लागत नाही. मात्र कारखान्याचे नियम पाळावेच लागतात. त्यातलाच एक म्हणजे 'पॅटर्न डेन्सिटी'.

नियम काय आहे?

चिप थरावर थर रचून बनते. थर चढवल्यावर तो रसायन आणि फिरत्या पॅडने घासून सपाट करतात. याला सीएमपी म्हणतात. तांब्याच्या तारा दाट असतील तिथे जास्त झीज होते, विरळ असतील तिथे कमी. पृष्ठभाग उंचसखल झाला की वरच्या थराची नक्षी धूसर उमटते आणि चिप बाद होऊ शकते.

म्हणून चिपच्या प्रत्येक ठरावीक चौकोनात धातूचं प्रमाण किमान आणि कमाल मर्यादेतच हवं, अशी कारखान्याची अट असते.

जागा रिकामी राहिली तर?

कपाशीत बी उगवलं नाही तर शेतकरी नांग्या भरतात. इथेही तसंच. मोकळ्या जागेत कशालाही न जोडलेले धातूचे तुकडे भरतात, त्यांना 'डमी फिल' म्हणतात. पण ते सिग्नलच्या तारेला खेटून आले तर कपॅसिटन्स वाढतो आणि सिग्नल मंदावतो. त्यामुळे कुठे भरायचं इतकंच कुठे टाळायचं हेही महत्त्वाचं.

चूक महागात का पडते?

मर्यादा मोडली तर कारखाना डिझाइन परत पाठवतो. अनेकांची डिझाइन्स एकाच वेफरवर छापली जातात, तेव्हा तारीख हुकली की पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.

जालन्यासाठी काय?

केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेतून महाविद्यालयांना डिझाइनची महागडी सॉफ्टवेअर मिळतात आणि मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत चिप बनवून घेता येते. दुसरी वाट रसायनांची. सीएमपीच्या द्रावणात सिलिकासारखे अतिसूक्ष्म कण असतात. ते बनवणं हे केमिकल इंजिनीअरचं काम. रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजेच आयसीटीचा, मराठवाडा कॅम्पस 2018 पासून जालन्यातच आहे.

थोडक्यात, कारखाना गुजरातला गेला म्हणून सगळ्या संधी तिकडे गेल्या नाहीत. पण त्या मिळवायच्या तर असे बारीक नियम वर्गात शिकवले गेले पाहिजेत.