पहिला फिश फाइंडर : पैसा पडद्यावर नको, फिटिंगवर घाला

पावसाळा सरून समुद्र निवळला की आपल्या कोकणपट्टीत गरी-दोरीवाल्या मंडळींची लगबग सुरू होते. मिरकरवाडा, जयगड, दाभोळ, हर्णै, श्रीवर्धन, मुरूड या बाजूला मासेमारी हा ज्यांचा धंदा नाही, असेही पुष्कळ लोक सुट्टीच्या दिवशी गरवायला जातात. कुणी कापड दुकानदार, कुणी सुतार, कुणी गॅरेजवाला. जुम्याच्या नमाजनंतर भरतीची वेळ पाहून चार मित्र एकत्र येतात, ओळखीच्या तांडेलाची होडी सांगतात आणि मगरिबपर्यंत परततात. या मंडळींत अलीकडे एका यंत्राची चर्चा फार आहे. ते यंत्र म्हणजे फिश फाइंडर.

चर्चा असायला हरकत नाही. हरकत आहे ती खरेदीच्या पद्धतीला. आमच्या पाहण्यात असे दोन-तीन नमुने आले आहेत की, भाऊ किंवा जावई कुवेत-दुबईहून येताना मोठ्या पडद्याचे महागडे मशीन घेऊन आला, पहिल्या दिवशी होडीवर सगळा मोहल्ला पाहायला जमला आणि दोन महिन्यांनी तेच मशीन बैठकीच्या खोलीत शोकेसमध्ये जाऊन बसले. मालक सांगतो, “यात मासा दिसतच नाही.” मशीन बिघडलेले नसते. ते नीट बसवलेले नसते आणि ते काय दाखवते, हे मालकाला कुणी सांगितलेले नसते.

आमचे स्पष्ट मत असे की, पहिला फिश फाइंडर मासा शोधण्यासाठी घेऊच नये. तो तळ वाचायला शिकण्यासाठी घ्यावा. ही गोष्ट एकदा पटली की कोणते मशीन घ्यावे आणि किती पैसे घालावेत, हे आपोआप सुटत जाते.

मशीनचे काम समजायला अवघड नाही. होडीच्या मागे पाण्यात बुडालेला एक छोटा ठोकळा असतो, त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. आवाज तळावर आदळून परत येतो. समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. म्हणजे पंधरा मीटर पाण्यात जाऊन-येऊन त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. या वेळेवरून मशीन खोली काढते. आपले जुने लोक शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून किती वाव पाणी आहे ते मोजत, तेच काम मशीन सतत करत राहते.

हा आवाज टॉर्चच्या उजेडासारखा पसरत जातो. २०० किलोहर्ट्झच्या नेहमीच्या ट्रान्सड्यूसरचा कोन साधारण वीस अंशांचा असतो. पंधरा मीटर खोलीवर तो तळाचा पाच मीटर रुंदीचा गोल पाहतो. खाडीत चार मीटर पाणी असेल तर तो गोल जेमतेम दीड मीटरचा उरतो. होडीच्या पोटाखालच्या दीड मीटरमध्ये, इंजिनाचा धडधडाट चालू असताना, जिताडा आपली वाट पाहत थांबणार आहे काय? म्हणून खाडीत मासा पडद्यावर दिसला नाही तर नाराज व्हायचे कारण नाही. तळ मात्र दिसतो, आणि गरवणाऱ्याला हवा असतो तोच. चिखलात मध्येच उठलेले खडप, एकदम खोल गेलेला खड्डा, वाळू संपून दगड सुरू होतो ती कड, अशा जागांजवळ तांबोशी आणि गोबरा राहतात. कठीण तळाची रेघ पडद्यावर जाड व ठळक उमटते, कधीकधी तिच्या खाली तशीच दुसरी फिकट रेघही दिसते. मऊ गाळाची रेघ बारीक आणि मंद असते. हा फरक डोळ्यांत बसला की निम्मी विद्या आली.

पडद्याविषयी आणखी एक गैरसमज. पडदा म्हणजे खालच्या पाण्याचा फोटो, असे नवशिक्याला वाटते. तसे नाही. फक्त उजवी कड ही आत्ताची असते, डावीकडे सरकत गेलेले सर्व काही होऊन गेलेले असते. मासा आवाजाच्या टापूत शिरतो तेव्हा लांब असतो, मधोमध येतो तेव्हा जवळ आणि जाताना पुन्हा लांब. म्हणून त्याची कमान उमटते. होडी नांगरलेली असेल आणि मासाही जागचा हलत नसेल, तर कमानीऐवजी लांबच लांब आडवी रेघ येते. तिला पाहून “अजगराएवढा मासा आहे” म्हणून ओरडणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. माशाचा प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून. मुशी आणि पाकट यांना ती पिशवी नसते, म्हणून ते आकाराने मोठे असूनही फिके दिसतात. आणि पडद्यावर माशाची चित्रे काढून दाखवण्याची जी सोय असते, ती पहिल्याच दिवशी बंद करावी. मशीनला फक्त प्रतिध्वनी कळतो. तो माशाचा की बुडबुड्यांचा की वाहत आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचा, हा अंदाज असतो, आणि चित्र पाहून माणूस त्या अंदाजाला खात्री समजतो.

आता खरेदीकडे वळू. दुकानदार प्रथम इंच सांगतो आणि नंतर वॅट सांगतो. इंचांपेक्षा पडद्यावर उभ्या दिशेने ठिपके किती, हे विचारावे. उंचीला ४८० ठिपके असतील आणि पाणी पंधरा मीटर असेल तर एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे तीन सेंटिमीटर पाणी येते. आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याला हे भरपूर झाले. चार-पाच इंचांचा रंगीत पडदा पुरतो. नऊ आणि बारा इंचांची मशीन मोठ्या बोटीच्या केबिनसाठी आहेत, उघड्या होडीत ते सांभाळणे हीच एक नोकरी होते.

वॅटच्या आकड्यांत गंमत आहे. एका खोक्यावर १६०० वॅट आणि दुसऱ्यावर २०० वॅट लिहिलेले असते आणि ग्राहक आठपट ताकदीच्या भ्रमाने पहिले उचलतो. प्रत्यक्षात पहिला आकडा पीक-टू-पीक आणि दुसरा आरएमएस पद्धतीने मोजलेला असतो, आणि १६०० पीक-टू-पीक म्हणजेच २०० आरएमएस. दोन्ही मशीन सारखीच. विक्रेत्याने हा फरक सांगितला नाही तर ग्राहकाने विचारावा. माल विकताना त्याच्याविषयीची खरी गोष्ट झाकून ठेवू नये, हे आपल्या व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. खोलीच्या आकड्याचेही तसेच आहे. मोठ्या अक्षरात छापलेली खोली बहुधा गोड्या पाण्याची असते. खारे पाणी आवाज जास्त शोषते, त्यामुळे समुद्रात आकडा बराच खाली येतो.

दोन गोष्टी मात्र जरूर पाहाव्यात. पहिली, मशीनमध्ये जीपीएस असावा आणि जागेची खूण साठवता यावी. डोंगराचे टोक आणि मशिदीचा मिनार एका रेषेत आले की नांगर टाकायचा, ही जुनी पद्धत उत्तम आहे, पण धुक्यात आणि अंधारात ती उपयोगी पडत नाही. खडपाची खूण एकदा साठवली की पुढच्या वर्षीही तेथेच जाता येते. वाळूच्या दांड्यांवर मात्र हा भरवसा ठेवू नये. खाडीच्या मुखावरील वाळू प्रत्येक पावसाळ्यात जागा बदलते. दुसरी गोष्ट म्हणजे चर्प पद्धत. यात मशीन एकाच सुराऐवजी चढत्या सुरांची मालिका सोडते, त्यामुळे जवळजवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसतात. आता लहान मशीनमध्येही ती मिळते. बाजूचा तळ दाखवणारी महागडी सोय पहिल्या मशीनमध्ये नको. ती होडी सरळ आणि संथ चालली तरच काम देते, लाटांवर तिचे चित्र फाटून जाते.

मग उरलेले पैसे कशावर घालायचे? आमचा हिशेब असा की, जेवढी रक्कम ठरवली असेल तिचे तीन भाग करावेत. दोन भागांत मशीन घ्यावे आणि तिसरा भाग बॅटरी, वायरिंग आणि बसवणुकीसाठी बाजूला ठेवावा. हौसेच्या वस्तूसाठी व्याजाच्या हप्त्यात तर मुळीच अडकू नये. शंभरात नव्वद लोक हा तिसरा भाग ठेवतच नाहीत, असे म्हटले तरी चालेल, आणि तेथेच सगळा घोटाळा होतो.

ट्रान्सड्यूसरखाली हवेचा बुडबुडा आला की आवाज तेथेच अडतो आणि पडदा कोरा होतो. म्हणून तो पंख्याच्या फेसापासून दूर, होडीच्या बुडापेक्षा किंचित खाली आणि पाण्याला समांतर बसवावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तो लाकडी होडीच्या आतच चिकटवून घेतला. भरीव फायबरच्या बुडातून आवाज काही प्रमाणात आरपार जातो, लाकडातून जात नाही. शिवाय वायर लांब झाली म्हणून बसवणाऱ्याने ती मधून कापून जोडली. ट्रान्सड्यूसरची वायर कधीही कापू नये, जास्तीची असेल तर गुंडाळून ठेवावी. तीन महिने ते गृहस्थ कंपनीला दोष देत होते.

हौशी माणसाची स्वतःची होडी बहुधा नसते. आज एका तांडेलाची, उद्या दुसऱ्याची. अशा वेळी होडीला भोके पाडण्यापेक्षा काढता-घालता येणारा दांडा करून घ्यावा. वर शिकंजा, खाली ट्रान्सड्यूसर आणि आदळल्यास वर उचलला जाईल असा खिळा. गावातला कोणताही चांगला फॅब्रिकेटर हे करू शकतो. स्टील वापरायचे तर ३१६ जातीचे घ्यावे, खाऱ्या पाण्यात ३०४ लवकर डागाळते. बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंद प्रकारची पुरते. लहान मशीन अर्धा अँपिअर खात असेल तर कागदावर चौदा तास होतात. पण शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करू नये, म्हणून सात तास धरावेत. एका दिवसाच्या गरवण्याला तेवढे पुष्कळ. इंजिनाच्या बॅटरीवर मशीन जोडले तर पडद्यावर रेघोट्या उमटतात, यासाठीही स्वतंत्र बॅटरी बरी. बॅटरीजवळच फ्यूज घालावा. घरी आल्यावर सर्व गोड्या पाण्याने धुऊन जोडांना व्हॅसलीन लावावे.

येथे आपल्या कारागीर बांधवांसाठी रोजगाराची जागा आहे, आणि ती आज जवळजवळ रिकामी आहे. फिश फाइंडरचा इतिहासही याच जातकुळीचा आहे. जपानच्या नागासाकी भागात बोटींच्या विजेची कामे करणाऱ्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मच्छीमारांसाठी पहिले व्यावहारिक मशीन बाजारात आणले. बंदरावरच्या इलेक्ट्रिशियनने बंदराची अडचण ओळखली, एवढीच ती गोष्ट. आपल्याकडे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकाने ओस पडली आहेत. त्या कारागिराला वायर, फ्यूज, सोल्डर सर्व येते. त्याने एक वेल्डर सोबतीला घेऊन बसवणूक, बॅटरी आणि पाण्यावर दोन तासांचे शिक्षण असे एकत्र काम द्यावे आणि त्याची मजुरी मशीनच्या किमतीत न मिसळता वेगळी, उघड सांगावी. मशीन तर लोक घरबसल्या ऑनलाइन मागवतातच. दांडा घेऊन जेटीवर येणारा माणूस ऑनलाइन येत नाही.

गल्फहून मशीन आणणाऱ्यांनी काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. तेथील वॉरंटी येथे चालते का, खोक्यात ट्रान्सड्यूसर आहे की नुसता पडदा, आणि पुढे दुसरा ट्रान्सड्यूसर लागला तर त्याची पिन येथे मिळेल का. आणि मशीनबरोबर सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण आणण्याचा मोह कुणी करू नये. आपल्या देशात परवानगीशिवाय ते बाळगणे गुन्हा आहे आणि विमानतळावर त्यावरून अटक झालेली आहे.

जे होडीत जातच नाहीत, खडकावरून किंवा जेटीवरूनच गरी टाकतात, त्यांच्यासाठी दोरीला बांधून फेकायचा चेंडूसारखा फिश फाइंडर मिळतो. तो मोबाईलवर चित्र पाठवतो. शांत खाडीत चांगला, फुटत्या लाटांत निरुपयोगी, आणि दोरी तुटली की पैसे समुद्रात. जाड दोरी वापरावी.

मशीन हातात आल्यावर पहिल्या दिवशी गरी घरी ठेवावी. ज्याला खाडीचा तळ पाठ आहे अशा एखाद्या वयस्क तांडेलाला सोबत घ्यावे, भांगेच्या दिवसांत, पाणी संथ असताना. एका तरुणाने असेच केले. तो सारखा विचारत होता, “चाचा, मासा कुठे आहे यात?” चाचा म्हणाले, “तू मला तळ सांग, मासा मी सांगतो.” तीन तास दोघे फिरले. चाचा म्हणत, आता खडप येईल, आणि पडद्यावर रेघ जाड होई. संध्याकाळपर्यंत त्या तरुणाच्या मशीनमध्ये अकरा खुणा साठल्या होत्या. त्यांतल्या दोन ठिकाणी, चाचांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांनाही ठाऊक नसलेला खड्डा निघाला.