मानेतल्या नळीची मुदत कागदावर लिहा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,


१९७५च्या नोव्हेंबरात आणीबाणीच्या कैदेतून सुटलेल्या जयप्रकाश नारायणांना डायलिसिससाठी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणावे लागले होते. आज कल्याणजवळच्या शहाडच्या रुग्णाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कल्याण-उल्हासनगरात केंद्रे आहेत, २०१६पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, महात्मा फुले योजनेचा आधार आहे. मजल मोठीच आहे. पण यंत्रापर्यंत रक्त कोणत्या वाटेने न्यायचे, हे अजूनही पुष्कळदा ऐनवेळी ठरते.

मूत्रपिंड निकामी झाल्याचे कित्येकांना कळते तेच दम लागल्यावर. मग तातडीने मानेतल्या शिरेत नळी बसवतात. शक्यतो उजव्या बाजूला, कारण तिथली शीर हृदयाकडे सरळ उतरते. ही नळी जीव वाचवते, यात वाद नाही. पण ती शिरेच्या अस्तराला घासत राहते, तिच्याभोवती रक्त मंदावते आणि गुठळी धरते. मान, चेहरा किंवा हात सुजतो, छातीवर शिरा उठून दिसतात. कधी यातले काहीच होत नाही, फक्त डायलिसिसच्या वेळी नळी नीट चालत नाही. गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. गुठळीत जंतू शिरले तर ताप हटत नाही.

डॉप्लर सोनोग्राफीत गुठळी सहसा दिसते. पुढे रक्त पातळ ठेवणारी औषधे, साधारणपणे किमान तीन महिने. शीर कायमची बंद झाली तर पुढची नळी घालायची कुठे?

टिकाऊ वाट मनगटाजवळ आहे. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो यांनी १९६६मध्ये धमनी व शीर जोडण्याची पद्धत जगापुढे मांडली. तोच आजचा फिस्टुला. तो तयार व्हायला मात्र एक-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून मूत्रपिंडाचा बिघाड दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन चढत असतानाच शस्त्रक्रियेची तारीख ठरली पाहिजे आणि फिस्टुला होणार असलेल्या हाताला सलाईन, सुया टोचणे तेव्हाच थांबले पाहिजे. मानेतली साधी तात्पुरती नळी दोन आठवड्यांच्या आत निघावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते.

उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापासून ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक डायलिसिस केंद्रापर्यंत एवढा आदेश आपण काढावा: नळी घातल्याची आणि काढायची तारीख रुग्णाच्या कागदावर मराठीत लिहावी, फिस्टुलाची तारीखही तिथेच द्यावी आणि मान सुजलेल्या रुग्णाची डॉप्लर तपासणी त्याच दिवशी, मोफत व्हावी.


शहाडमधील डायलिसिस रुग्णांचा हितचिंतक