एसी बंद ठेवून नागपूर गाठा म्हणता?

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,


विजेवरची गाडी एका चार्जिंगमध्ये नक्की किती धावते, हे कंपनीला विचारून थकलो. उत्तर ठरलेले: आकडा सरकारमान्य चाचणीचा आहे, फरक पडत असेल तर आपली चालवण्याची पद्धत तपासा. तेव्हा आता सरकारलाच लिहितो.

चाचणी आपल्याला ठाऊक आहेच. प्रयोगशाळेतले रोलर, 20 ते 30 अंश तापमान, एसी बंद, 1180 सेकंदांची धाव. सरासरी वेग ताशी 32 किलोमीटरच्या आसपास, कमाल 90. ज्या युरोपीय चाचणीवरून ही बेतली, तिच्यात कमाल 120 होते. आपल्या रस्त्यांकडे बघून ते खाली आणले. त्या काळी ते रास्तही असेल. युरोपने 2017 पासून ती जुनी चाचणी बदलली, नव्या चाचणीत गाडी 131 पर्यंत पळवतात. आपण 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बांधला, त्यावर 120 ची मुभा दिली, आणि गाड्या तपासतो 90 वर! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 90 चे 120 झाले की तो जवळजवळ पावणेदोन पट. आणि मे महिन्यात एसी बंद? आपण तर नागपूरचे.

दोष माझ्या पायाचा असता, तर टाटांनी नेक्सॉनच्या 45 किलोवॉट-तास बॅटरीसाठी 489 या प्रमाणित आकड्याशेजारी 350 ते 370 हा प्रत्यक्षातला अंदाज स्वतःहून दिला नसता. म्हणजे निदान 119 किलोमीटर नुसते कागदावर धावतात. त्यात 80 टक्क्यांनंतर जलद चार्जिंग मंदावते, आणि 10 च्या खाली जायची कुणाची छाती होत नाही. उरते 70 टक्के. 350 चे 70 टक्के, 245. 489 वाचून पैसे मोजणाऱ्याच्या पदरात महामार्गावर दुसऱ्या टप्प्यापासून निम्मे पडते. पेट्रोलवाल्याला असा फरक खिशाला लागतो. आम्हाला तो बंद चार्जरसमोर उभा करतो.

तेव्हा प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर दुसरा आकडा सक्तीचा करा: स्थिर वेग 100, एसी चालू, बॅटरी 80 वरून 10 टक्क्यांपर्यंत. अक्षरे पहिल्या आकड्याइतकीच मोठी. त्याने विक्री घटेल, असे कंपन्या सांगायला येतील. तेव्हा त्यांना एवढेच विचारा, की मग आजवर काय विकत होता?

आपला,
एक विद्युत वाहनधारक
छत्रपती संभाजीनगर