शेवटची पन्नास पावले

पुण्याच्या माणसाला भांडखोर म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तो आधी अर्ज करतो. अर्जाची पोच घेतो, पोचेची प्रत काढतो, ती पिशवीत जपून ठेवतो, आणि उत्तर आले नाही म्हणजेच भांडतो. आमच्या कोथरूडच्या गल्लीत शाळेच्या वाहनांवरून जे रामायण घडले त्याचे बालकांडही अर्जाचेच होते. शाळेचे नाव मी सांगत नाही. गरजही नाही, तुमच्या गल्लीतल्या शाळेचे नाव तिथे घातलेत तरी मजकुरात कानामात्रेचा फरक पडणार नाही.

ही शाळा आली तेव्हा ती दोन खोल्यांची बालवाडी होती. बंगल्याच्या अंगणात घसरगुंडी, सकाळी मुलांचे रडणे आणि दुपारी गाणी. गल्लीला तिचे कौतुकच होते. पुढे बंगला पडला, चार मजले उठले, बालवाडीची दहावी झाली. रस्ता मात्र होता तेवढाच राहिला. नकाशावर तो नऊ मीटरचा आहे. पण दोन्ही कडांना आम्हां रहिवाशांच्या मोटारी रात्रंदिवस उभ्या असतात. त्या वजा जाता मधून एक मोटार आणि एखादी धाडसी स्कूटर एवढीच वाट उरते. या वाटेत सकाळी सातच्या सुमारास पिवळ्या बसगाड्या, दप्तरे बाहेर लोंबणाऱ्या रिक्षा आणि आईबापांच्या मोटारी एकदम शिरतात. शिरतात खऱ्या, निघत नाहीत.

मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यापासून शाळेचे फाटक पन्नास पावलांवर आहे. मी मोजली आहेत. पण आपले मूल फाटकाच्या अगदी तोंडाशी उतरले पाहिजे, असा प्रत्येक बापाचा हट्ट. कुणी काही बोलले तर उत्तर ठरलेले: "दोन मिनिटं हो, फक्त दोन मिनिटं!" मी पोटासाठी मराठी शिकवतो, म्हणून व्याकरणाची एक गोष्ट नोंदवून ठेवतो. 'दोन मिनिटे' हा शब्दप्रयोग मराठीत कालवाचक राहिलेला नाही. तो आता 'माफ करा' आणि 'तुम्हाला काय करायचंय' या दोहोंच्या मधला काहीतरी झाला आहे.

पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जावे लागते. सकाळची पाळी. सून त्यांना खाली आणते, मोटारीत बसवते, आणि मोटार इमारतीच्या दाराशी अडकते, कारण दारासमोर कुणाची तरी दोन मिनिटे चाललेली असतात. एका सोमवारी ती अशी पंचवीस मिनिटे अडकली. आजोबा काही बोलले नाहीत. सून मात्र उतरून शाळेच्या फाटकात उभी राहिली आणि जे बोलली ते सबंध गल्लीने ऐकले. त्या संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा भरली.

सभेला शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या, हे त्यांचे मोठेपण. त्या म्हणाल्या, "फाटकाच्या आत माझी जबाबदारी. बाहेर रस्ता आहे, तो महापालिकेचा." पालकांचे प्रतिनिधी म्हणाले, "रस्त्यावर तुमच्याच गाड्या उभ्या आहेत, त्या आधी हलवा." यावर जी शांतता पसरली ती पाहण्यासारखी होती. समोरच्या बंगल्यातल्या निवृत्त अभियंत्यांनी मग जाडजूड फाईल उघडली. त्यांनी सगळीकडे अर्ज केले होते. क्षेत्रीय कार्यालयाचे म्हणणे, डांबर आणि पदपथ आमचा, पण त्यावर उभे राहणारे चाक वाहतूक पोलिसांचे. पोलिसांचे म्हणणे, 'वाहने उभी करू नयेत' असा आदेश काढता येईल, पण आदेशाने रस्ता रुंद होत नाही. पिवळी बस परिवहन खात्याची, इमारत बांधकाम विभागाची आणि मूल शिक्षण खात्याचे. वाचकहो, एका सहा वर्षांच्या पोराला पन्नास पावले नेण्यासाठी सरकारने पाच कचेऱ्या नेमल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही ते पोर सबंध दिसत नाही!

ही ओरड ऐकायला हक्काचा माणूस म्हणजे नगरसेवक. पण 2022 च्या मार्चमध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट 2026 च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती होती. नगरसेवक असताना आपण त्याला नावे ठेवतो. नसला म्हणजे कळते की निदान नावे ठेवायला तरी कुणी होते. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, त्या अशाच दाराशी अडलेल्या प्रश्नांसाठी. पण सभासदच निवडून आलेले नाहीत तेव्हा समितीत बसणार कोण? आता आमच्या प्रभागाला एक सोडून चार नगरसेवक आहेत. त्यांपैकी आमची गल्ली कुणाची, हे ठरवण्याचे काम चालू आहे.

अभियंत्यांची मुलगी लंडनला असते. तिकडे हॅकनेसारख्या भागांत शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेपुरता रस्ता मोटारींना बंद करतात आणि घुसणाऱ्याला कॅमेऱ्यावरून दंड होतो. हे सांगताच कुणीतरी म्हणाले, "ते लंडन आहे हो." मला वाटते फरक लंडनचा नाही. तिकडे रस्ता बंद करणारी आणि दंड वसूल करणारी एकच नगरसभा आहे. इकडे दोन कचेऱ्यांचा पत्रव्यवहार होईपर्यंत मूल दहावी पास होते.

पण सगळे खापर कचेरीवर फोडणे मला पटत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात शेजारच्या शाळेची कल्पना आहे. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर असे अंतर धरले आहे. म्हणजे मुलाने चालत जावे असे कायद्यालाही वाटते. आम्हांला ते वाटत नाही. आमच्या इमारतीतली मुले बाणेरच्या शाळेत जातात आणि बाणेरची मुले आमच्या गल्लीत येतात. दोन्ही मोटारी रोज सकाळी चांदणी चौकात एकमेकींना कर्णा वाजवतात. सभेत सर्वांत मोठ्याने बोलणारे गृहस्थ सात वाजता आमच्या गल्लीत चिडतात आणि साडेसातला, नातवाला सोडताना, दुसऱ्याच कुठल्यातरी गल्लीत दोन मिनिटे थांबतात. हुजूरपागेची शाळा 1884 सालापासून पुण्यात आहे, आणि आज लक्ष्मी रस्त्यासारख्या भर गर्दीत आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुली पायी आल्या, मग सायकलवर आल्या. तेव्हा गर्दी मुलींची होती. आता मूल एक, आणि भोवती टनभर लोखंड.

सभेला न बोलावलेले एक माणूस होते, त्याविषयी सांगायला हवे. त्याच कायद्याने खाजगी शाळांतल्या चौथा हिस्सा जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना ठेवल्या आहेत. त्या जागेवर शिकणारी तिसरीतली एक मुलगी टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतून चालत येते. तिची आई आमच्याच इमारतीत दोन घरी पोळ्या करते. पावसाळ्यात एका मोटारीचे दार अवचित उघडले आणि ही मुलगी त्यावर आपटली. कपाळाला तीन टाके पडले. मोटारवाल्यांनी दवाखान्याचे पैसे दिले आणि मनापासून वाईटही वाटून घेतले. दुसऱ्या आठवड्यापासून बाप तिला उधारीच्या स्कूटरवरून सोडू लागला. गल्लीत एक वाहन वाढले आणि पायी येणारे एक मूल कमी झाले. दोष कुणाला द्यावा? बापाला तर नाहीच देता येत.

टाक्यांनी जे केले ते अर्जांनी केले नव्हते. 2011 च्या राज्य नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. ती कागदावर होती, ती भरली. शाळेने मागचे, कायम कुलूपबंद फाटक पायी येणाऱ्यांसाठी उघडले. मोटारी मुख्य रस्त्यावरच थांबवायच्या आणि मुलांनी कोपऱ्यापासून चालायचे असे ठरले. सात ते सव्वासात कोपऱ्यावर दोर धरून दोन माणसे उभी राहतात, एक पालक आणि एक रहिवासी. आमच्या काही मोटारीही हलल्या; सगळ्या नाहीत. डायलिसिसच्या दिवशी आजोबांची मोटार आधी निघते, मग दोर लागतो.

हे सगळे सुरळीत चालते असे मात्र नाही. पाऊस आला की दोर सैल होतो. शिवाय 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. मुलांची झोप पुरी व्हावी ही तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांची सूचना होती, आणि ती योग्यच होती. पण त्यामुळे धाकट्यांची गर्दी नेमकी कचेरीच्या वेळेवर येऊन बसली. सातच्या दोराला माणसे मिळतात, कारण पेन्शनर लवकर उठतात. नवाच्या दोराला कुणी मिळत नाही. ज्याला वेळ आहे तो तेव्हा पूजेला बसलेला असतो आणि बाकीचे आपापल्या मोटारीत असतात, बहुधा त्याच कोंडीत.

तिसरीतली ती मुलगी धाकट्यांतलीच, म्हणजे नवाची. गेल्या आठवड्यात तिची आई पोळ्या लाटता लाटता आमच्या हिला म्हणाली, "वहिनी, स्कूटर ज्याची त्यानं मागितलीय. नवाला दोरावर कोणी असलं तर सांगा, म्हंजे पोरीला चालत धाडते." सोमवार आणि गुरुवारी माझा पहिला तास अकराचा असतो. ते दोन दिवस मी घेतले आहेत. मंगळवार, बुधवार, शुक्रवार रिकामे आहेत. फळ्यावर तसे लिहून ठेवले आहे, आणि खाली कुणीतरी खडूने विचारले आहे, "नगरसेवक चार आहेत ना?"